मी माळ्यावर, योगिनी पडद्यापाशी

मी एक जुना व्हिडिओ गेम आहे. मित्रांनो, आज माझी बटणं रुतली आहेत आणि पाठीला भेग पडली आहे. पण एके काळी सगळ्या लासुर्णे गावात माझ्यासारखा रुबाब कुणाचा नव्हता.

बारामतीच्या एका दुकानात मी काचेमागे बसलो होतो, तेव्हा आप्पांनी मला पाहिलं. त्यांची लेक योगिनी चौथीत पहिली आली होती. तिच्यासाठी त्यांनी मला घेतलं. एसटीत धक्के बसत होते, तरी त्यांनी मला मांडीवरून खाली ठेवलं नाही. घरी येताच मला टीव्हीला जोडलं, पडद्यावर विमानं उडू लागली आणि योगिनीनं टाळ्या पिटल्या.

आप्पा साखर कारखान्यात कामाला होते आणि बानूबाई, योगिनीची आई, दिवसभर उसाच्या रानात असे. घराजवळून कालवा जातो. पोर एकटी तिकडे जाईल, ही तिला धास्ती. सुट्टीच्या दिवशी ती मला सुरू करून द्यायची, बाहेरून कडी लावायची आणि रानात जायची. शेजारणीला सांगायची, "लई गुणाचा हाय बाई ह्यो डबा. पोरगी उंबरा वलांडत न्हाय." ते ऐकून मी फुशारून जाई.

पुढे एकदा शेळीनं माझी वायर कुरतडली. आप्पांनी खराब तुकडा कापून टाकला आणि उरलेली वायर जोडून दिली. वायर आखूड झाली, तशी योगिनी पडद्याच्या अगदी पुढ्यात येऊन बसू लागली. दिवसभर अंधाऱ्या घरात, नाकासमोर तो लखलखाट! तिचं डोकं दुखायचं. ती डोळे बारीक करायची. शाळेत फळा दिसेना, म्हणून शेजारी बसणाऱ्या पायलच्या वहीत बघून लिहायची. घरी मात्र तिनं चकार शब्द काढला नाही, कारण खेळ बंद होईल ही भीती. मला सगळं समजत होतं, पण बोलायला तोंड कुठं होतं?

अखेर शाळेतल्या बाईंनी आप्पांना बोलावून सांगितलं. बारामतीच्या डॉक्टरांनी डोळे तपासले आणि योगिनी चष्मा लावून घरी आली. आल्या आल्या आप्पांनी माझी वायर उपटली.

"ह्या डब्यानंच पोरीचं डोळं घालवलं!"

योगिनी हळूच म्हणाली, "आप्पा, डॉक्टर म्हनलं व्हतं, टीव्ही बी जवळनं बघायचा न्हाय. लांब बसायचं आन् बाहेर उजेडात खेळायचं, असं सांगितलं."

"तू गप बस."

मी बानूबाईकडे पाहिलं. गुणाचा म्हणणारी हीच ना? मला फडक्यात गुंडाळून तिनंच माळ्यावर टाकलं. मित्रांनो, इतकं मला आयुष्यात कधी लागलं नव्हतं.

त्याच संध्याकाळी टीव्हीवर मालिका लागली. योगिनी त्याच जागी, पडद्याच्या पुढ्यात जाऊन बसली. आप्पा म्हणाले, "लांब सरक की गं." त्यावर बानूबाई म्हणाली, "असू द्या, आता चष्मा हाय की तिला." मालिका संपली की सिनेमा, सिनेमा संपला की क्रिकेट. सुट्टीच्या दिवशी दाराला कडी तशीच. माळ्यावरून, फडक्याच्या फटीतून, मी हे रोज पाहत होतो.

वर्षानं पुन्हा डोळे तपासले. नंबर वाढला होता. आप्पा तडक शिडी लावून वर आले.

"आजून ह्याचीच पीडा हाय घरात!" म्हणाले आणि मला भंगारवाल्याच्या हातगाडीवर टाकलं. वर्षभर मला कुणी हातसुद्धा लावला नव्हता, हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही.

गाडी निघाली तेव्हा बाहेर लख्ख ऊन होतं. अंगणात पोरं लगोरी खेळत होती. दारातून मला योगिनी दिसली, पडद्याला नाक लावून बसलेली. मित्रांनो, मला खुशाल मोडा. पण आधी कुणीतरी जाऊन तिला तिथून उठवा.