काळा वजीर

दादा म्हणजे नुसता हेडमास्तर. महिनाभर एकच टुमणं लावलं होतं: बाबा विसरायला लागलेत, त्यांना आता एकटं ठेवायचं नाही, वृद्धाश्रमात खोली बघून ठेवली आहे. मी कडाकडा भांडले तेव्हा म्हणाला, "ठीक आहे. क्लबच्या बुद्धिबळ स्पर्धेत एक डाव धड खेळले, तर राहू देत आपल्या घरी."

आणि नशीब बघा, चिठ्ठीत बाबांसमोर मीच! काळी मोहरी माझ्याकडे.

जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेली बाबांची बोटं अजून थरथरत नाहीत. दुसऱ्याच चालीला त्यांनी राजाशेजारचं प्यादं बळी द्यायला पुढे केलं. त्यांचा जुना, मारू किंवा मरू असा डाव. मला दहाव्या वर्षी त्यांनीच शिकवलेला. बाराव्या चालीपर्यंत दोन्ही राजे उघडे पडले. दादा मागे उभा राहून बघत होता. माझ्या जिवात जीव आला. सगळं आठवतंय की यांना!

मग त्यांचं एक चुकलं. मला दिसलं, वजीर बळी दिला की दोन चालींत मात. मी मुकाट्यानं कडेचं प्यादं सरकवलं. हरायला माझं काय जातंय?

बाबा बराच वेळ पटावर वाकून बसले. एकदम चेहरा खुलला. त्यांनी वजीर उचलला आणि ठक्कन हत्ती मारला. वजीर माझा होता, काळा. हत्ती त्यांचाच.

"कशी आहे?" ते म्हणाले.

हीच चाल मी लपवली होती. त्यांना ती बरोब्बर दिसली, फक्त आपण कुठल्या बाजूचे ते आठवेना.

पंच धावत आले. त्यांनी मोहरी जागेवर ठेवली. "काका, तुमची पांढरी." बाबांनी कसंनुसं हसून एक पांढरं प्यादं ढकललं आणि माझ्यावर डाफरले, "आता तू खेळ! डोळे फुटलेत का? समोर मात आहे!"

मी दादाकडे पाहिलं. तो खिडकीबाहेर बघत होता. आता कुणापासून काय लपवायचं? मी तोच वजीर उचलला आणि हत्ती मारला. पुढच्या चालीला डाव संपला.

"मात!" बाबाच ओरडले. उठून त्यांनी दादाच्या पाठीवर थाप मारली. "बघितलंस? जिंकलो! चल, आता घरी जाऊ."

"हो बाबा," दादा म्हणाला आणि त्यांचा स्वेटर उचलला.

मी मान खाली घालून मोहरी डब्यात भरत बसले.