नक्षीचा फोल्डर

अनुपमा वरच्या खोलीत कॉम्प्युटरवर ब्लाऊजची नक्षी काढायची आणि तिची धाकटी जाऊ शितल खाली भरतकामाच्या मशीनवर ती कापडावर उतरवायची. शिरूरच्या त्या घरात दोघींचं काम असंच चालायचं. अनुपमानं वरून फाईल टाकली, की ती खालच्या कॉम्प्युटरमधल्या 'नक्षी' नावाच्या फोल्डरात जायची. दोन्ही कॉम्प्युटर जोडून दिले होते अनुपमाच्या नवऱ्यानं, इंद्रजीतनं. तो रांजणगावच्या एका कंपनीत मेंटेनन्सला होता.

त्या सकाळी अनुपमाला वरून तो फोल्डर उघडेना. परवानगी नाही, एवढंच पडद्यावर येत होतं. तिनं कामावर गेलेल्या इंद्रजीतला फोन लावला.

"राऊटर बंद करून चालू कर," तो म्हणाला. "न्हाई झालं तर कपाटामागची वायर काढून परत बसव. ती ढिली होती."

तिनं राऊटर बंद-चालू केला. स्टुलावर चढून, कपाट सरकवून वायर काढली, परत बसवली. केसांत कोळ्याची जाळी अडकली. फोल्डर बंदच. परत फोन केला, तर तो म्हणाला, "विंडोजचं अपडेट आलं आसंल. शेअरिंग बंद पडलंय का बघ."

तेही तिनं बघितलं. शेअरिंग चालू होतं. खालचा कॉम्प्युटर वरून दिसत होता. त्यातला लग्नाच्या फोटोंचा फोल्डर चटकन उघडला, पोरांच्या सिनेमांचाही उघडला. अडत होता तो फक्त 'नक्षी'. मग वायरीचा काय संबंध, असं मनाशी म्हणत ती जिना उतरली.

शितल मशीनवर दोरा ओवत होती.

"शितल, तुझ्याकडं उघडतोय का गं?"

"उघडतोय की."

"मग मलाच का न्हाई?"

शितलनं मान वर केली नाही. "ताई, इंद्रजीतदादांनीच केलंय ते. परवा बसले हुते हितं. तुमचं नाव काढलं त्यातनं. मला म्हणले, तिला सांगितलंय मी."

अनुपमाला आधी वाटलं, आपण काहीतरी चुकीचं ऐकलं. तिनं खुर्ची ओढली आणि फोल्डर उघडला. आत 'दौंड' नावाचा नवा फोल्डर होता. त्यात तिची सगळी नक्षी होती: कुयऱ्या, मोरांची जोडी, आणि ज्वारीच्या कणसांचा तो काठ, ज्यासाठी शिक्रापूरच्या बायका खास यायच्या.

"दौंडला कुणाचं काय हाय?"

"महेंद्रभाऊजींचं भरतकामाचं दुकान निघतंय. दादांच्या कंपनीतले. दादा भागीदार हायेत. मला वाटलं, तुमचंच ठरलंय समदं."

शितल रडवेली झाली होती. अनुपमानं तिच्या पाठीवर हात ठेवला आणि वर निघून गेली.

दुपारी कंपनीच्या बसमधून इंद्रजीत उतरला. बूट काढता काढता त्यानंच विचारलं, "झालं का चालू?"

"माझं नाव का काढलं?"

तो थबकला. "कुणी सांगितलं?"

"का काढलं, ते सांगा."

"हे बघ, नक्षी बाहेरच्या कुणाला न्हाई दिली. महेंद्र आपलाच हाय. तू बघितलं आसतं तर नको म्हणली आसतीस. दुकान मार्गी लागलं की सांगणारच हुतो."

"विचारलं आसतं तर कदाचित हो म्हणले आसते," ती म्हणाली. "पण सकाळी मला स्टुलावर का चढवलंत? तुम्हाला म्हाईत हुतं ना वायर चांगली हाय ते?"

तो हातपाय धुवायला गेला. तिनं ताट वाढलं, पण समोर बसली नाही. नक्षी गेली याचं दुःख होतंच. त्याहून जास्त खुपत होता तो फोनवरचा शांत, समजूतदार आवाज. आजवर अडलं की तिनं त्याच आवाजाला विचारलं होतं.

दौंडचं दुकान सुरू झालं. उद्घाटनाला ती गेली नाही. आपल्या कॉम्प्युटरवरचं शेअरिंग तिनं बंद करून टाकलं. शितलला लागेल ती नक्षी पेन ड्राईव्हवर घालून ती स्वतः खाली नेऊन द्यायची आणि काम होईपर्यंत तिथंच बसून पेन ड्राईव्ह परत घेऊन यायची.

"नेटवर्क नीट करून देऊ का?" इंद्रजीतनं एकदा विचारलं.

"नको," ती म्हणाली, आणि कणसाच्या नव्या काठात रंग भरत राहिली. तो दारातून आत डोकावला. तिनं कॉम्प्युटरचा पडदा त्याच्याकडून किंचित वळवून घेतला.