घरच्यांचं मत

ताईने ब्लेडच्या टोकाने शर्टाची बाजूची शिवण उसवली. दोन्हीकडे अर्धा-अर्धा इंच सोडावा लागणार होता. चार महिन्यांपूर्वी, भाऊ सुटून आला त्या आठवड्यात तिने हा शर्ट अंदाजाने शिवला, तेव्हा तो त्याच्या अंगावर नुसता लोंबत होता. आता पोटावरची बटणं ताणली जात होती. पाव अंगी लागला होता. तिच्या हातचं जेवण नव्हे, तो कामाला जायचा त्या बेकरीतला पाव.

"बारक्या, हात वर कर," ती टेप घेऊन म्हणाली.

बारक्या म्हणजे चांगला सहा फुटी, कानशिलांवर केस पिकलेला माणूस. त्याने मुकाट्याने हात वर केले.

"बेकरीच्या बाई म्हणतात, पीठ मळण्यात माझा हात बसला आता," तो म्हणाला. "त्या येऊन बघतसुद्धा नाहीत."

"त्यांना काय, म्हणायला काय जातं!"

त्याने हात खाली घेतले. असं बोलायला नको होतं हे तिला कळलं, पण बोलून बरंही वाटलं.

नऊ वर्षांपूर्वी एका भांडणात त्याने रागाच्या भरात एकाला ढकललं. तो माणूस डोक्यावर पडला आणि पुन्हा उठला नाही. तेव्हापासून ताई दर महिन्याला दोन बस बदलून तुरुंगात भेटीला जायची. जाळीपलीकडून वीस मिनिटं. नातेवाइकांनी पाठ फिरवली, तिचं ठरत आलेलं लग्न मोडलं, शिवणकामाची अर्धी गिऱ्हाइकं तुटली, पण तिने एकही भेट चुकवली नाही. आणि आता तो घरी होता, तर दोघं अजून मध्ये जाळी असल्यासारखीच बोलत होती. तब्येत बरी ना, झोप लागते ना, संपलं. बेकरीत मात्र त्याच्या गप्पांना ऊत यायचा. एकदा ती डबा द्यायला गेली, तर त्याचं हसणं रस्त्यापर्यंत ऐकू येत होतं. डबा काउंटरवर ठेवून ती तशीच परतली. तिला बेकरीवाल्या बाईंचा हेवा वाटत होता, शाळकरी मुलींना वाटतो तसला उघडानागडा हेवा, आणि या वयात तो लपवायची तिला सवय नव्हती.

तसं बाईंचं काही चुकत नव्हतं. त्या, एक निवृत्त मास्तर आणि दवाखान्यातली एक नर्स मिळून तुरुंगातून परतलेल्यांना हात देत. काम, कागदपत्रं, राहायला जागा. दर रविवारी दुपारी बेकरीच्या मागच्या खोलीत बैठक भरायची. बैठकीचा एकच नियम कडक होता: माणसाविषयी जे बोलायचं ते त्याच्या तोंडावर. पाठीमागे त्याच्याविषयी पुष्कळ बोलून झालेलं असतं, असं मास्तर म्हणत.

या रविवारी प्रश्न बेकरीच्या वरच्या खोलीचा होता. ती भावाला द्यायचं बाईंच्या मनात होतं, पण घरच्यांचं मत घेतल्याशिवाय त्या कुणालाच खोली देत नसत. म्हणून ताईला बोलावणं होतं.

ती गेली तेव्हा भाऊ कामावरून थेट एप्रनसकट येऊन बसला होता. बाईंनी तिला शेजारची खुर्ची दिली, पाणी दिलं. ती मनाशी 'हो' म्हणायचं ठरवूनच आली होती. खोली काही सातासमुद्रापार नव्हती.

"तर आमच्या बारक्याला वरची खोली द्यावी, असं मला वाटतं," बाई म्हणाल्या. "तुमचं काय मत?"

आमच्या बारक्याला! हे नाव तिने ठेवलेलं होतं, तो पाळण्यात असताना. आई गेल्यावर त्या नावाने हाक मारणारं जगात दुसरं कुणी उरलं नव्हतं. त्याने तेही इथे देऊन टाकलं होतं.

"त्याचा राग अजून गेलेला नाही," ताई म्हणाली. "घरी भांडी फेकतो."

मास्तरांचं पेन थांबलं. नर्सने भावाकडे पाहिलं.

"काय रे?" बाईंनी हळूच विचारलं. "खरं आहे हे?"

भावाने ताईकडे पाहिलं. ती टेबलाच्या कडेवरचं पीठ बोटाने पुसत होती.

"हो," तो म्हणाला. "ताई म्हणते तसंच आहे."

कुणी त्याला एका शब्दाने बोललं नाही. खोलीचं पुढे बघू, असं मास्तरांनी वहीत लिहिलं. बाई उठून त्याच्याजवळ आल्या.

"मग थोडे दिवस भट्टीपाशी नको. सुऱ्या असतात, तापलेले पत्रे असतात, चार माणसं असतात. रोज मास्तरांशी बोल. पुढच्या रविवारी ठरवू."

ताईला त्याला घरी ठेवायचं होतं, बेकरीतून काढायचं नव्हतं. ती कडेवरचं पीठ पुसत राहिली. भावाने एप्रन सोडला, त्याची चौकोनी घडी केली आणि टेबलावर ठेवली.

वाटेत त्याने तिच्या हातातली पिशवी घेतली. घरी येऊन तिने चहा टाकला आणि ती वाट बघत राहिली. आता ओरडेल, आता खरंच काहीतरी भिरकावेल. भिरकावलं असतं तर तिला सुटल्यासारखं वाटलं असतं.

त्याने कप पुढे ओढला, दोन घोट घेतले.

"ताई, पुढच्या रविवारी मास्तर खोदून खोदून विचारतील," तो म्हणाला. "वेगवेगळं सांगितलं की लगेच पकडतात. दोघांचं सारखं यायला हवं. मी काय काय फेकलं म्हणून सांगू?"

आवाजात टोमणा नव्हता. बाजारातून काय आणू, असं विचारावं तसं त्याने विचारलं होतं.

ताईने मांडणीकडे पाहिलं. ताटं, वाट्या, आईच्या वेळचे काचेचे पेले, सगळं जागच्या जागी होतं. एकावर टवकासुद्धा नव्हता.

"बेकरी किती वाजता बंद होते रे?" तिने विचारलं.

"सातला. का?"

ती दाराशी वाकून चपला शोधू लागली.