फाटकाची सतरा नंबरची किल्ली

मित्रांनो, मी एक जुनी किल्ली आहे, आणि माझे कुलूप आता या जगात नाही. कुलूप गेल्यावर किल्लीला कोण विचारतो? तिची जागा भंगाराच्या डब्यात. मी मात्र न्यूझीलंडमधल्या हॅमिल्टन गावी, एका मराठी घराच्या स्वयंपाकघरात, खिळ्याला मानाने लटकते आहे. वर्षातून एकदा मला हळदकुंकू लागते. असे भाग्य भल्याभल्या तिजोऱ्यांच्या किल्ल्यांनाही लाभत नाही, म्हणून माझी गोष्ट ऐकाच.

मी पितळेची. एका कुलूपवाल्याने आम्हा चाळीस बहिणींना एकाच दिवशी एकाच मापावर कापले. माझ्या गळ्यात सतरा नंबरचा बिल्ला अडकवला आणि आमची रवानगी एका लाकूड कंपनीच्या कचेरीत झाली. कंपनीचे पाइनच्या झाडांचे मोठे रान होते, गावापासून तासाभराच्या वाटेवर. रान खाजगी. त्याला लोखंडी फाटक, आणि फाटकाला माझे ते जाडजूड कुलूप. मी त्यात शिरले की ते हसल्यासारखे उघडायचे.

आत जायची परवानगी फक्त शिकाऱ्यांना होती. हरणे आणि रानडुकरे नव्या रोपांची नासधूस करतात, तेव्हा शिकारी आले तर कंपनीला हवेच असत. शिकाऱ्याने वर्षाचे पैसे भरायचे, परवान्यावर सही करायची, अनामत ठेवून शुक्रवारी किल्ली न्यायची आणि सोमवारी परत आणायची. सोबत एक चिठ्ठी भरून द्यायची: हत्यार कोणते नेले, काय मारले, किती मारले. हा सगळा कारभार नायरी नावाची एक पिकल्या केसांची बाई पाहत असे. येईल त्याला ‘किआ ओरा’ असा माओरी नमस्कार करायची, पण चिठ्ठी कोरी आणली तर पुन्हा भरायला लावायची.

दहा वर्षे मी शिकाऱ्यांच्या खिशांतून हिंडले. तंबाखू, बंदुकीचे तेल, ओले कुत्रे, सगळे वास मला पाठ झाले. नायरी म्हणे, बाकीच्या किल्ल्या अडतात, सतरा नंबर कधी अडत नाही. खोटे कशाला बोलू, मला त्याचा गर्व होता. पण सोमवारी मला फळीवर टांगले की कुणाला माझी आठवण येत नसे.

मग २००६ सालच्या सप्टेंबरात जगदीश आला. गावाच्या ‘ते रापा’ नावाच्या भागातल्या दूध कारखान्यात तो इंजिनिअर होता. त्याने नायरीला विचारले, रानात नुसते फिरायचा परवाना मिळेल का? तिने मान हलवली. फिरणाऱ्यांसाठी फॉर्मच नव्हता. शिकाऱ्याच्या अंगावर झाड पडले तर त्याने सही केलेली असते. फिरणाऱ्याच्या अंगावर पडले तर जबाबदारी कुणाची? जगदीशने थोडा विचार केला. बंदूक नसली तर चालते का, असे विचारले. चालत होते. कुत्री आणि सुरा घेऊन डुकरांमागे जाणारे लोक बंदूक कुठे बाळगतात? झाले. त्याने पैसे भरले आणि परवान्यावर आपल्या वडिलांचे नाव घातले, चंद्रहास. सही तेवढी त्यांनी स्वतः करायची होती.

हा सगळा खटाटोप त्याने का केला, ते मला घरी गेल्यावर कळले. चंद्रहासराव गोंदियाकडच्या जंगलात पस्तीस वर्षे वनरक्षक होते. निवृत्त होऊन चार वर्षे झाली होती. आता ते मुलाकडे काही महिन्यांसाठी आले होते आणि घरात त्यांचा जीव रमत नव्हता. सकाळ झाली की हातात काठी घेऊन निघायचे, कोपऱ्यावरच्या डेअरीपर्यंत, म्हणजे किराणा दुकानापर्यंत, जाऊन परत यायचे. वाटेत एका बंगल्यापुढे एक ओकचे झाड होते. त्याच्या बुंध्याला हात लावून इतका वेळ उभे राहायचे की एकदा घरमालकाने बाहेर येऊन काही हवे आहे का, असे विचारले. त्यांना जंगल हवे होते. ते त्या बिचाऱ्याने कुठून द्यावे?

जगदीशने मोठ्या उत्साहाने मला आणि परवान्याला टेबलावर ठेवले. चंद्रहासरावांनी चष्मा लावून परवाना वाचला आणि चष्मा काढून ठेवला.

“जगदीश, पस्तीस वर्षं मी या शिकारी लोकांना पकडलं. आता त्यांच्याच यादीत माझं नाव घालतोस?”

“बाबा, नुसता फॉर्म आहे. इथे सगळ्याचाच फॉर्म असतो.”

“फॉर्म नुसता कधी नसतो. मीही लोकांकडून फॉर्मच भरून घेत होतो.”

शुक्रवारची संध्याकाळ गेली, शनिवार गेला. मी टेबलावर पडून होते. म्हातारा चारचारदा पाणी प्यायला येई, माझ्याकडे पाही आणि जाई. एकदा त्याने मला उचलून तळहातावर वजन केल्यासारखे केले आणि पुन्हा जागच्या जागी ठेवले. त्याला जायचे होते, मित्रांनो. इतके जायचे होते की मलाच कसेतरी झाले. पण शिकारी म्हणून सही करायला त्याचा हात धजत नव्हता.

रविवारी खंडेनवमी होती. या घरात त्या दिवशी हत्यारांची पूजा करतात. ज्याच्या त्याच्या पोटापाण्याच्या साधनांची, म्हणा ना. पाटावर जगदीशचे कारखान्यातले पाने आणि मीटर होते. त्याची बायको नीता कॉम्प्युटरवर काम करते, तिने लॅपटॉप ठेवला. विळी होती, गाडीची चावी होती. चंद्रहासराव बाजूला हात बांधून उभे होते. तिकडे दरवर्षी ते आपली काठी, बॅटरी आणि झाडांवर शिक्का उठवायचा सरकारी हातोडा पुजायचे. निवृत्तीच्या दिवशी हातोडा जमा केला आणि तेव्हापासून पाटावर ठेवायला त्यांच्याजवळ काही उरले नव्हते. रिकामे हात लपत नसतात.

नीताने ते पाहिले. ती टेबलापाशी गेली, मला उचलून आणले आणि सासऱ्यांच्या हातात दिले.

“बाबा, हे तुमचं ठेवा.”

ते माझ्याकडे बघत राहिले. मग पाटावर बसले, मला लॅपटॉपच्या शेजारी ठेवले आणि माझ्या बिल्ल्यावर हळदकुंकवाचे बोट टेकवले. आजवर मला कित्येक हातांनी धरले होते, पण असे कुणी धरले नव्हते. मी पितळेची आहे, मला रडता येत नाही, एवढेच.

जेवणे झाल्यावर त्यांनी परवान्यावर सही केली. ‘हत्यार’ या रकान्यात इंग्रजीत लिहिले, काठी.

त्या दुपारी फाटक त्यांनी स्वतः उघडले. त्या दिवशी मी नेहमीपेक्षाही सरळ शिरले. आत झाडांच्या ओळीच ओळी, शाळेच्या कवायतीला उभ्या केलेल्या मुलांसारख्या. पाइनचा पिवळा पराग अजून वाटेवर सांडलेला होता. चंद्रहासराव पुटपुटले की हे काही जंगल नव्हे, ही लागवड आहे, सगळी झाडे एका वयाची. पण दहा पावलांवर ते थांबले, वाकून कुजक्या पाल्याची मूठभर माती उचलली आणि नाकाशी धरली. मला त्यांनी शर्टाच्या डाव्या खिशात ठेवले होते. आतले धडधडणे किती तरी वेळ थांबले नाही.

सोमवारी जगदीशने मला परत नेले. बिल्ल्याच्या आकड्यात लाल काही अडकलेले पाहून नायरीला वाटले रक्तच. पहिल्याच खेपेला काहीतरी मिळालेले दिसते, असे ती हसून म्हणाली. जगदीशने तिला पूजेचे सांगितले, तेव्हा तिने पुसायला उचललेले फडके खाली ठेवले. मग तिने चिठ्ठी वाचली. काय मारले: काही नाही. पाठीमागे मात्र जुन्या सरकारी वळणाच्या अक्षरांत नोंद होती: हरणांचे ठसे तीन, पैकी एक पाडस. डुकरांनी उकरलेल्या जागा दोन. ओढ्यावरच्या पुलाची एक फळी कुजली आहे, माणूस पडेल, दुरुस्ती व्हावी. नायरीने ती चिठ्ठी आत साहेबाला नेऊन दाखवली. आठवड्याच्या आत फळी बदलली. इतकी वर्षे शिकारी त्याच पुलावरून जात होते, पण खाली कुणी पाहिलेच नव्हते.

तेव्हापासून सतरा नंबर दुसऱ्या कुणाला दिला जाईना. मला वाटले, बाई, आता खरे तुझे दिवस आले. दर शनिवारी मी त्यांच्या खिशात आणि दर सोमवारी माझ्यासोबत एक चिठ्ठी. जानेवारीपर्यंत चौदा चिठ्ठ्या झाल्या. नायरीने त्या वेगळ्या फायलीत लावल्या.

शेवटच्या शनिवारी आतल्या बाजूच्या झाडांवर निळ्या रंगाचे पट्टे दिसले. चंद्रहासरावांनी एका पट्ट्यावरून बोट फिरवले आणि बराच वेळ तिथे बसून राहिले. जगदीश फोटो काढण्यात गुंग होता. ती चिठ्ठी तेवढी आखूड होती. तिच्यात पट्ट्यांबद्दल एक अक्षर नव्हते. विमानतळावर जाण्याआधी त्यांनी मला जगदीशच्या हातात ठेवले आणि म्हणाले, “हिला नीट सांभाळ. मी येतो.”

ते आले नाहीत. हृदयाचे दुखणे निघाले, डॉक्टरांनी लांबचा प्रवास बंद केला. सोमवारच्या नियमाने मला जिथे परत टांगले होते त्या कचेरीत जगदीश तरीही पुढच्या वर्षी गेला आणि वडिलांच्या नावाचे पैसे भरून आला. माणूस येणार नाही, मग परवाना कशाला, असे नायरीने विचारले. नाव यादीत राहू दे, एवढेच तो म्हणाला. तिने मला फळीवरून काढून पुसले, कुंकवाला धक्का न लावता, आणि परत टांगले. शनिवारमागून शनिवार मी त्या फळीवरून दाराकडे पाहत राहिले. वाट पाहणे म्हणजे काय, ते मला आधी ठाऊकच नव्हते.

२००८ साली रान तोडले. लाकडाचे ट्रक जाऊ लागले की कचेरीच्या काचा थरथरत. जमीन विकली गेली, तिथे गवत पेरले, गाई आल्या; त्यांचे दूध जगदीशच्याच कारखान्यात जायचे होते. फाटक उपटले आणि माझे कुलूपही त्याच्याबरोबर गेले. कचेरी बंद झाली त्या दिवशी नायरीने जगदीशला बोलावून मला आणि चौदा चिठ्ठ्यांना एका पाकिटात घालून दिले. अनामत परत देऊ लागली, ती त्याने घेतली नाही. त्या संध्याकाळी त्याने चहा बिनदुधाचा घेतला.

बाबांना मात्र कुणी सांगितले नाही. दुखणाईत माणसाला कसे सांगायचे? दर रविवारी फोन यायचा आणि दर रविवारी ते विचारायचे, किल्ली जागेवर आहे ना? जगदीश म्हणायचा, आहे. ते खरेही होते. पण फोन ठेवल्यावर त्याचा चेहरा चोरी केल्यासारखा व्हायचा. वर्षभर असे चालले.

पुढच्या खंडेनवमीला, रविवारीच, पाटावर मला ठेवले होते आणि फोन आला. तिकडे नुकते उजाडले होते. तोच प्रश्न. या वेळी जगदीशला राहवले नाही.

“बाबा, किल्ली आहे. पण रान गेलं. सगळं तोडलं. मी तुमच्यापासून लपवलं.”

पलीकडून आवाज आला, जराही न चिडता.

“मला माहीत आहे रे. तोडायच्या झाडांवरचे निळे पट्टे मी पाहिले होते. अशा कामात जन्म गेला माझा.”

“मग दर रविवारी विचारत का होतात?”

“जंगल काही माझं नव्हतं. तिकडचं नव्हतं, इथलंही नाही. मला सांभाळायला दिलेली गोष्ट तेवढी माझी. हातोडा मी परत केला. ही मला परत द्यावी लागली नाही. तिला कुंकू लावलंस का?”

जगदीशने डोळे पुसले आणि कुंकवाच्या करंड्यात बोट बुडवले.

मित्रांनो, तुमच्या घरातही कुलूप हरवलेली एखादी किल्ली असेल. ती फेकायची तर खुशाल फेका, पण त्याआधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला एकदा विचारा, ही तुम्हाला कुणी सांभाळायला दिली होती का? आणि विचारल्यावर उत्तर ऐकायला थोडा वेळ बसा. माझे म्हणाल, तर मला ना कुलपाची आस उरली आहे, ना फाटकाची. शनिवार उजाडला की मला फक्त एका शर्टाचा डावा खिसा हवासा वाटतो.