बंद पिंप

मागच्या अंगणात आमची दोन पिंपं होती. एकात दाणे काढलेली मक्याची कणसं हवा न लागू देता भाजायची, त्यांचा कोळसा करायचा. तो लोखंडाच्या क्षारात भिजवून, धुऊन, वाळवून दुसऱ्या पिंपात भरायचा आणि त्यातून विहिरीचं पाणी गाळायचं. वरून पिवळं ओतलं की खालच्या तोटीतून नितळ येई. कॉलेजातलं रसायनशास्त्र माझ्या कामी आलं ते एवढंच. लेकीच्या अंगावर चट्टे उठले तेव्हापासून दुसऱ्या पाण्याचा थेंब मी तिच्या पोटात जाऊ दिला नव्हता.

मग गल्लीतले लोकही घागरी घेऊन यायला लागले. कुणीतरी पिवळी आणि नितळ अशा दोन बाटल्या कारखान्याच्या फाटकावर नेऊन ठेवल्या. हा कारखाना नळांना चकाकी चढवतो, आणि त्याचं सांडपाणी आमच्या विहिरीत उतरतं.

त्याच दुपारी कारखान्याचा मुकादम आला. बारा महिने हातांत रबरी मोजे, म्हणून गल्लीत त्याचं नाव हातमोजे. मागे दोन माणसं. तिघांच्याही हातात गज.

"काय बाई, आमच्या पाण्याची बदनामी चाललीय म्हणे," तो म्हणाला. "गंज आहे तो. नुसता गंज."

"मग पी की घोटभर," सासूबाई पायरीवरून म्हणाल्या. "बादली भरलेलीच आहे."

"रोज पितो, म्हातारे."

"तरीच असा दिसतोस."

त्याची माणसं हसली. मी हसले नाही, मी गजांकडे बघत होते. लेकीला आत ढकलून मी बाहेरून कडी घातली. वळले तोवर गाळायचं पिंप फुटलं होतं. काळा चिखल अंगणभर पसरला. माझा दीर धावत येऊन गजाला लोंबकळला, तर दुसऱ्याने त्याच्या कोपरावर असा घाव घातला की हाडाचा आवाज मला दारापाशी ऐकू आला. तो खाली पडल्यावरही ते थांबले नाहीत. बरगड्यांत लाथा, तोंडावर लाथा. सासूबाई एकाच्या मनगटाला दातांनी धरून राहिल्या. त्याने त्यांना झटकून भिंतीवर आपटलं.

"भाऊजींना सोडा," मी म्हणत होते. कुणाला ऐकू जात होतं कोण जाणे.

हातमोजे आता भाजायच्या पिंपाकडे वळला. ते सकाळीच पेटवून, झाकण ओल्या मातीने लिंपून ठेवलं होतं. ते थंड होईपर्यंत उघडायचं नसतं. आत धूर कोंडलेला असतो.

"त्याला हात लावू नका," मी ओरडले. "आत आग आहे. हवा लागली की पेटेल."

तो थांबला, माझ्याकडे बघून हसला. "म्हणजे खरा माल यात आहे तर."

गजाचं टोक त्याने झाकणाखाली खुपसलं आणि सगळा भार टाकला.

भडका त्याच्या छातीपर्यंत आला. चेहरा त्याने वळवला, पण हात राहिले. रबर वितळून कातडीला चिकटलं. तो चिखलात लोळत होता, मोजा दाताने ओढत होता, आणि मोज्याबरोबर कातडी येत होती. लाथा घालणारे मागे सरले, तसे भाऊजी उठले. डाव्या हाताने गज उचलून त्याच्या डोक्याशी उभे राहिले.

मी विहिरीच्या पाण्याची बादली उचलली.

"ते नको," हातमोजे किंचाळला. "बाई, ते नको."

"का? रोज पिताना?"

"उघड्या मांसावर नको. खातं ते. भोकं पाडतं."

एका हाताचा मोजा मनगटावरून खाली सरकला होता. भाजलेल्या जागेच्या वर, मनगटाजवळ, जुन्या खोल गोल जखमा होत्या, तांदळाचा दाणा मावेल एवढ्या. भिंतीपलीकडे जमलेली गल्ली ते बघत होती, ऐकत होती.

भाऊजींनी गज त्याच्या गुडघ्यावर घातलाच. दुसऱ्यांदा उगारला तेव्हा मी मधे शिरले.

"बाजूला व्हा, वहिनी."

"नाही."

कडी काढून मी आतून लेकीची घागर आणली.

"पोरीचं आहे ते," सासूबाई भिंतीशी बसूनच म्हणाल्या. ओठातून रक्त येत होतं. "आज दुसरं नाही."

"माहीत आहे."

त्याच्या हातांवर मी अर्धी घागर ओतली. थोडं पाणी वायाही गेलं. उरलेलं मी झाकून आत ठेवलं आणि पुन्हा कडी घातली.

तोवर भिंतीवरून माणसं अंगणात उतरली होती. कुणाच्या हातात काय आहे ते मी बघून घेतलं. त्याच्या दोन माणसांनीही बघितलं. त्यांनी गज खाली टाकले.

"कोळसा वेचा," मी म्हणाले. "चिखलातला एकेक तुकडा."

"याला दवाखान्यात..."

"याला गल्लीतले नेतील. भाऊजींनाही. तुम्ही वेचा."

ते उकिडवे बसले. आतून दारावर छोटी थाप पडत होती.

"आई, पाणी."

"घोटभरच पी," मी म्हणाले आणि कडी काढली.