बारशाआधीचं नाव

फाल्गुनाचं ऊन होतं. पिवळं, पिकलेलं, काकवीच्या धारेसारखं संथ उतरणारं. तोडणी झालेल्या उसाच्या रित्या रानांवर पाचटाचा निळसर धूर रेंगाळत होता. ओढ्याकाठी पांगारा पेटला होता, पानाविना, रक्तपुष्पांच्या निर्लज्ज वैभवात. आणि अशा या वर्णोन्मत्त दुपारी, सुहासच्या दारच्या मांडवात, कर्ण्यातून कुणीतरी सारखं 'हॅलो, हॅलो, माईक टेस्टिंग' म्हणत होतं.

बारसं होतं. सुहास पुण्याला नोकरीला, पण लेकीचं बारसं गावीच करायचं म्हणून आलेला. पाळणा झेंडूत बुडालेला. भिंत गुलाबी फुग्यांनी सुजलेली. आणि त्या भिंतीवर हातभर अक्षरांत चमचमणारं नाव, झियाना.

नाव आत्यानं ठेवायचं असतं. माहेरच्या रानात लेकीला वाटा मिळो न मिळो, भावाच्या बाळाच्या कानात पहिलं नाव फुंकण्याचा मान तिचाच. इथं आत्याच्या आधी फुग्यांना नाव कळलं होतं. केकवाल्याला कळलं, मांडववाल्याला कळलं, आणि आत्याला सगळ्यांच्या शेवटी.

आत्या म्हणजे शालन, सुहासची थोरली बहीण. नाव ऐकून तिनं साधंच विचारलं होतं, "अर्थ काय रं ह्याचा?"

सुहासनं फोनवर बोट फिरवलं. "एक म्हणतंय अरबी, एक म्हणतंय ग्रीक. सगळीकडं चांगलाच अर्थ आहे, अक्का."

सगळीकडचं नाव म्हणजे कुठलंच नाही, हे त्या शहाण्याला कुणी सांगावं.

शालनच्या जिभेखाली एक नाव होतं. अर्थासकट होतं, मुलखासकट होतं, वारासकट होतं. कित्येक वर्षं होतं, आणि नवऱ्याखेरीज कुणाच्याही कानी गेलेलं नव्हतं.

तिचा नवरा हणमंत तेव्हा फौजेत होता, सिक्कीमच्या सरहद्दीवर, हिमधवल, निःशब्द शिखरांच्या पायाशी. इकडं शालनला मुलगी झाली. रविवार होता. फोनवर खरखरत, तुटत, पुन्हा जुळत हणमंतचा आवाज आला होता. "हितं काही घरांत पोर जन्मलं की लगीच नाव ठेवत्यात. ज्या वारी आलं, त्या वाराचं. रविवारचं असंल तर निमा. निमा म्हंजी सूर्य. आपल्या पोरीला हेच ठिवू. मी बारशाला येतोय, तवर कुणाला सांगू नगंस."

तिनं सांगितलं नाही. ते सूर्यनाव तिनं दुधाबरोबर उरात सांभाळलं. पान्हा फुटे आणि नाव ओठांशी येई. ती ओठ मिटून घेई. बारशाला सांगू, बारशाला सांगू, असं करत राहिली.

मुलगी बारशाच्या आदल्या पहाटे गेली.

बारसं नाही, म्हणून नाव नाही. नाव नाही, म्हणून हाक नाही. हाक नाही, म्हणून आठवणीला धरायलाही काही नाही. शेजारणी म्हणाल्या, नाव ठेवलं नव्हतं ते बरं झालं, माया कमी लागते. असल्या शहाणपणाचा संताप येतो. तिकडं त्या डोंगरांत पहिल्या टाहोसरशी वार हजर, नाव हजर. आणि इकडं आम्ही पंचांग मांडून बसणार, जीव तोवर थांबेल असं गृहीत धरून. शालनचा सारा राग त्या बारा दिवसांवर होता. पण दिवसांशी भांडणार कसं?

कूस पुन्हा उजवली नाही. भावाला मुलगी झाली तेव्हा जिभेखालचं ते नाव हललं. माझ्याकडं एक नाव आहे, एवढंच ती भीतभीत म्हणाली.

"आता सगळं छापून झालंय, अक्का," सुहास म्हणाला. "तू फक्त कानात म्हणायचंय."

फक्त. तो एवढासा शब्द तिला दिवसभर चावत राहिला. हणमंत आता निवृत्त, मिशा पिकलेल्या. बारशाच्या सकाळी बंब पेटवता पेटवता तो म्हणाला होता, "कानातच सांगायचंय न्हवं? दे की तिला आपलं. कोण ऐकतंय?"

ते तिला पटलं होतं. ती ठरवूनच मांडवात आली होती.

कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या, असं म्हणत बायकांनी बाळ पाळण्याच्या वरून दिलं, खालून घेतलं आणि अलगद निजवलं. शालन वाकली. दुधाचा, वेखंडाचा, नवजात उबेचा वास आला. कान एवढासा, कोवळा, अरुणवर्णी. तिनं त्यात 'कुर्र्र' केलं, आणि रीतीप्रमाणे बायकांचे धपाटे तिच्या पाठीत पडू लागले.

निमा. ओठांपर्यंत आलं, आणि तिथंच अडलं.

समोर डोळे उघडे होते. काळेभोर, तेजाळ, जिवंत, आणि दुसऱ्याच कुणाचे. हे नाव हिला दिलं की हाकेसरशी ही धावत येईल, आणि जिचं ते होतं ती पुन्हा बिननावाची. एकीचं नाव दुसरीला घालायला ते काय अंगडं-टोपडं आहे? द्यावं तर लेकीचं जातं. न द्यावं तर आपल्याबरोबर सरणावर जातं. शालनला स्वतःचाच राग आला. ठसका लागलेल्या माणसाच्या पाठीत घालावेत तसे धपाटे पडत होते, पण अडकलेलं काही वर येईना.

"अगं सांग की शालन, हात दुखाय लागलं," कुणीतरी म्हणालं, आणि हशा पिकला.

"झियाना," शालन म्हणाली.

टाळ्या पडल्या. फुगे फुटले. कर्ण्यानं ते नाव साऱ्या गावाला ओरडून सांगितलं. शालन मागच्या हौदाशी गेली आणि उगाचच हात धूत राहिली.

हणमंत मागोमाग आला. "सांगितलंस?"

"न्हाई. तिचं हाय ते. हिला कसं दिऊ?"

तो आल्या पावली परत गेला. मांडवात पंगत बसत होती. सुहासनं दोनदा हाक मारली, अक्का, अक्का. ती हलली नाही. मग लग्नापासून तिला 'अगं'खेरीज काहीच न म्हणणाऱ्या हणमंतनं, मांडवाच्या तोंडाशी उभं राहून, भर चारचौघांत, कवायतीच्या मैदानावरचा आवाज काढला.

"निमाच्या आई, चल. पान वाढलंय."

मांडव थबकला. कोण निमा, म्हणून बायका एकमेकींकडं बघू लागल्या. आमटीची बादली हातात धरून सुहास तसाच उभा राहिला. हौदाच्या पाण्यावर ऊन हललं. सोनसळी, थरथरतं, काठोकाठ. शालननं डोळे पुसले नाहीत. तिनं पदर खोचला, आणि ओ दिली.

"आले."