वस्तादांची अर्धी वाटी

“ही वाटी कुणाची?” स्वच्छता तपासायला आलेल्या इन्स्पेक्टर बाईंनी कोपऱ्यातल्या स्टुलासमोर बोट रोखत विचारलं.

वाटी रिकामी होती. तिच्या शेजारी शेंगदाण्यांच्या लाल सालांचा ढीग होता, छोटा आणि नेटका. वहिनीने आदल्या संध्याकाळी वाटी भरून ठेवली होती, कुलूप स्वतःच्या हाताने लावलं होतं आणि आत्ता बाईंच्या देखत उघडलंही तिनेच होतं. एरवी ती सगळ्यांच्या आधी येऊन सालं पुसून टाकायची. आज बाई तिच्याही आधी दारात हजर. चोराच्या मनात चांदणं, तसं झालं. “काल उचलायची राहिली,” एवढंच तिच्या तोंडून कसंबसं निघालं.

बिअरच्या त्या छोट्या कारखान्यात पुढच्या बाजूला बिअर चाखायची खोली होती. लोक तिथे चार घोट चाखायचे, खारे दाणे तोंडात टाकायचे आणि आवडली ती बाटली घेऊन घरी जायचे. काउंटर वहिनी सांभाळायची. तिचा नवरा कारखान्याचा टेम्पो चालवायचा आणि सासरे तिथले वस्ताद, म्हणजे बिअर त्यांच्या हातची. त्यामुळे मालकापासून झाडूवालीपर्यंत सगळ्यांची ती वहिनीच. खाण्याचे नियम तिला तोंडपाठ होते. टेबलावर गेलेली वाटी परत बरणीत जायची नाही, आणि माणूस नसताना उघडं अन्न ठेवायचं नाही. एकाचं उष्टं दुसऱ्याला देणं हा तर तिच्या लेखी गुन्हाच होता. अशी ही बाई रोज संध्याकाळी उघडी वाटी ठेवून घरी जात होती.

वस्तादांनी त्याच स्टुलावर प्राण सोडला होता. पाळी संपली की ते तिथे येऊन बसत. कधीकाळी उकळतं पाणी सांडून त्यांची बोटं भाजली होती, ती धड वळत नसत. तरी अंगठ्याने साल चोळून काढल्याशिवाय दाणा तोंडात जायचा नाही. त्या दिवशी गर्दी होती. म्हातारा डुलकी घेतोय असं समजून तिने बराच वेळ हाकच मारली नाही, आणि मारली तेव्हा ऐकायला कुणी नव्हतं. वाटी अर्धी भरलेली होती. चार माणसं त्यांना उचलून नेत असताना तिने सवयीने ती वाटी कचऱ्यात उपडी केली. नियमच होता. पण दाणे डब्यात पडल्याचा आवाज तिच्या कानांतून काही जाईना. म्हणून ती त्यांच्या जागी वाटी ठेवू लागली. तेवढंच मनाचं समाधान. वाटी पहिल्यांदा रिकामी सापडली तेव्हा तिला उंदराचा संशय आला. मग सालांचा ढीग दिसला आणि साल काढून खाणारा कोण, ते तिने ओळखलं.

बाईंनाही उंदराचाच संशय आला. उंदीर निघाला तर खोलीला टाळं, असं बजावून त्या पुढच्या आठवड्यात येते म्हणाल्या. टाळं लागलं की वहिनीची नोकरी गेलीच. गंमत अशी की आता ती मनातल्या मनात उंदराचाच धावा करत होती. उंदीर निघाला तर नोकरी जाणार होती, नाही निघाला तर झोप.

उंदीर धरणारा आला. त्याने फळ्या उचकटल्या, कपाटामागे बॅटरी मारली, जमिनीवर पीठ भुरभुरलं आणि वाटी नेहमीच्या जागी ठेवायला लावली. सकाळी पीठ जसंच्या तसं होतं आणि वाटी रिकामी.

“उंदीर नाही इथं,” सालांकडे बघत तो म्हणाला. “उंदीर पसारा करतो. असा ढीग लावणं हे माणसाचं काम आहे, वहिनी.”

मालकाला हायसं वाटलं. वॉचमन फुकटचे दाणे हाणतो, असं त्याने परस्पर ठरवून टाकलं आणि ज्याच्याकडे खोलीची किल्लीसुद्धा नव्हती त्या बिचाऱ्याची खरडपट्टी काढली. वर हुकूम सोडला की आजपासून वाट्या बंद, दाणे फक्त सीलबंद पाकिटात.

संध्याकाळी वहिनीने स्टुलासमोर पाकीट ठेवलं. बंद पाकीट नियमात बसत होतं. तिला वाटलं, चला, दोन्हीकडचं साधलं.

सकाळी पाकीट बंदच होतं. पण त्याचा एक कोपरा चुरगळून पांढरा पडला होता आणि हाताला ओलसर लागत होता. कुणीतरी आधी बोटांनी आणि मग दातांनी झटलं होतं. दुसऱ्या दिवशी दोन कोपरे तसेच झाले. तिसऱ्या दिवशी पाकीट स्टुलासमोर नव्हतंच. ते काउंटरवर तिच्या कात्रीशेजारी ठेवलेलं होतं.

ती घाबरली नाही असं नाही. पण भीतीपेक्षा तिला लाज वाटली. घरात कुठलीही पुडी आली की सासरे ती तिच्याकडे सरकवायचे. मुलाला कधी म्हणाले नाहीत, तिलाच म्हणायचे, “सूनबाई, एवढा कोपरा काप.”

इन्स्पेक्टर बाई दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होत्या. नवरा घ्यायला आला, त्याला तिने आवराआवर आहे म्हणून पुढे घालवलं. मग साबण लावून मनगटापर्यंत हात धुतले, धुतलेली वाटी पुसून घेतली आणि पाकिटाचा कोपरा कापला. माणूस नसताना उघडं अन्न ठेवायचं नाही, एवढाच तर नियम होता. ती शेजारच्या स्टुलावर पाठ करून बसली.

“मी आहे इथं,” ती म्हणाली. “सावकाश खा, बाबा.”

पलीकडे कारखान्यात बिअरच्या टाकीची बुडबुड चालू होती. मग स्टूल करकरलं. उकडलेल्या जवाचा वास आला, त्यांच्या सदऱ्याला यायचा तसा, आणि साल चोळल्याचा बारीक आवाज सुरू झाला. तिने मान वळवली नाही. काहीतरी बोलायला हवं म्हणून ती घरचं सांगत राहिली. ह्यांचा खोकला गेला, परसातला नळ अजून गळतोय. नव्या वस्तादाची बिअर कडू होते, लोक तोंड वाकडं करतात, हे सांगितलं तेव्हा तो आवाज क्षणभर थांबला. तिला हसू आलं आणि डोळेही भरून आले.

आवाज पूर्ण थांबल्यावर, ते असताना रोज विचारायची तसं तिने विचारलं, “पुरे?”

तिने वळून पाहिलं तर वाटीत एकही दाणा नव्हता. तिने सालं झाकणाच्या डब्यात टाकली आणि काउंटर कोरडा पुसला.

सकाळी इन्स्पेक्टर बाईंनी कोपरा न् कोपरा पाहिला आणि अशीच स्वच्छता ठेवा म्हणून गेल्या. नोकरी राहिली. त्या संध्याकाळी वहिनीने पुन्हा पाकीट ठेवलं, आणि शेजारी कात्री.

दुसऱ्या दिवशी पाकिटावर एक सुरकुती नव्हती. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नव्हती. दाणे ते रोजच खात होते, पण सुनेशेजारी बसून खायची ती अर्धी वाटी राहिली होती, ती आता पोटात गेली होती. हे आधी लक्षात आलं असतं तर तिने कोपरा कापायची एवढी घाई केली नसती.

न उघडलेलं पाकीट परत ठेवायला नियमाची हरकत नव्हती. तिने ते परत बरणीत ठेवलं. दुपारी खोली भरली. एका गिऱ्हाइकाने हातात ग्लास घेऊन कोपऱ्यातल्या स्टुलाकडे पाहत विचारलं, इथं कुणी बसलंय का.

वहिनीने फडक्याने स्टूल पुसलं.

“नाही,” ती म्हणाली. “बसा.”